अंतरपाटाआडून जाहल्या बोलण्याची हकीकत

श्रीगजाननास दंडवत, वाग्देवतेस दंडवत, आणि ज्यांचे अन्न खाऊन ही लेखणी चालते त्या सरकारास दोन दंडवत, एक भक्तीचा आणि एक भयाचा. शके सोळाशे अठ्याण्णव, दुर्मुख नाम संवत्सर, फाल्गुन मासी साहेबांची आज्ञा जाहली की, घाटाखालील बारा खोऱ्यांचे प्रकरण कैसे उद्भवले, बोलणी कैसी जाहली आणि शेवट काय लागला, हे सत्य असेल तैसे लिहावे. त्यास सेवकाची विनंती ऐसी की, सत्य लिहावे तर मान जाते आणि न लिहावे तर आज्ञाभंग होतो. सबब राज्याचे नाव लिहिले नाही, धन्याचे नाव लिहिले नाही, आणि लिहिणाराचे तर मुळीच नाही. बाकी मजकूर आहे तैसा लिहिला आहे.

घाटाखाली बारा खोरी. मुलूख डोंगराळ, पीक थोडे, आणि मीठ व धान्य जे काही उतरावयाचे ते एकाच खिंडीने उतरते, आणि खिंडीवर सरकारची चौकी. त्या मुलखी कुऱ्हाडवाले म्हणून जमाव उत्पन्न जाहला. त्यांनी चौक्या जाळिल्या आणि दोघे देसाई त्यांचे राहते घरी तोडिले, हे खरे. आणि त्यांनीच दुष्काळी साली धान्य वाटिले, विहिरी खणिल्या, बांधाचे तंटे घडीभरात तोडिले, हेही खरे. लोक त्यांस भीतही होते आणि जेवूही घालीत होते. सरकारची फौज दरसाल उतरे, दरसाल कापून काढी, आणि दरसाल ते आणखी वाढत. मग सरकारचे स्नेही जे दर्यापारचे टोपीकर, त्यांनी सल्ला दिला की तलवारीने हे मिटत नाही, रयतेचा कौल घ्यावा, रयत शहाणी असते. सरकारास वाटले, रयत आपलीच आहे, जाते कोठे. मग गावोगावी दोन दोन रांजण ठेविले, एकास शाल बांधिली आणि एकावर कुऱ्हाड काढिली, आणि घरटी एक सुपारी ज्याने त्याने मनास येईल त्या रांजणी टाकावी, ऐसे ठरले. शाल ती सरकारच्या मर्जीतील वतनदारांची. या शालवाल्यांनी मुलखाचे उत्पन्न खाऊन ढेकरही दिला नव्हता, हे सरकारास ठाऊक नव्हते किंवा ठाऊक असून आठवत नव्हते. रांजण उघडिले तो शालेच्या रांजणांचे तळ दिसतात आणि कुऱ्हाडीचे रांजण शिगोशीग भरलेले. जासुदाने दरबारी वर्तमान सांगितले, तेव्हा श्रीमंतांचे हातीचा विडा हातीच राहिला आणि कोणी कोणाकडे पाहीना.

मग मसलत बसली. दिवाणजी बोलिले की कौल खरा, परंतु रयत चुकली. टोपीकरांस विचारिले, तेही म्हणाले की कौल घ्या म्हणालो, हाच घ्या म्हणालो नाही. मग ठरले की कुऱ्हाडवाल्यांनी आधी कुऱ्हाडी जमिनीत पुराव्यात, खोऱ्यांचे सरकाराशी पूर्वी जाहलेले जुने करार शिरी धरावेत आणि सरकारास मुजरा करावा, आणि तोवर त्यांजशी भेट नाही, विडा नाही, शब्द नाही, आणि खिंडीतून मीठही नाही. कुऱ्हाडवाल्यांचा नाईक बयाजी म्हणून होता, त्याने निरोप धाडिला की बसून बोलू. त्यास उत्तर गेले नाही. त्याचा सेनानायक खेलोजी म्हणून, मोठा कडवा, त्याने उत्तराची वाट न पाहता खिंडीखालील चौकी मारिली आणि तेथील कारकून कोनेरपंत यांस धरून नेले. त्यापूर्वी सखोपंत म्हणून एक वकील, म्हणजे परक्याचे दारी सरकारची जबान होऊन जाणारा मनुष्य, गुपचूप खाली धाडिले होते. त्यांनी बयाजीचे हातचा विडा घेतला. घरी आलेल्यास विडा देणे आणि दिला तो घेणे ही जनरीत, त्यांस त्यात वावगे दिसले नाही. परत आल्यावर शब्द लागला की विडा घेतला म्हणजे मान दिला, आणि त्याच दिवशी तापली सळई त्यांचे दोन्ही डोळ्यांस लाविली. मग त्यांस देवळाचे पायरीवर बसविले. मुजऱ्यास जाणाऱ्या प्रत्येकास ते दिसत, आणि दिसावे म्हणूनच तेथे बसविले होते.

आता नवा वकील कोण, ऐसा प्रश्न पडला तेव्हा दरबारी सर्वांस एकाएकी खोकला जाहला. मग दिवाणजींनी यादोपंतांकडे पाहिले. यादोपंत हे धरून नेलेल्या कोनेरपंतांचे वडील बंधू, वृत्तीने भित्रे, वाचेने गोड. वीस वर्षे वकिली केली ती पुढल्याचे बोलणे संपेतो मान डोलावून केली. दिवाणजी म्हणाले की बंधू तिकडे आहे, आपणास जाणे अगत्य.  त्यांनी हात जोडून विचारिले की बोलावे की न बोलावे. आज्ञा जाहली की बोलावे, परंतु बोलणे जाहले ऐसे होऊ नये. याचा अर्थ कोणासच लागेना. तेव्हा धर्माधिकारी शास्त्रीबोवांनी डोळे मिटले आणि उघडिले आणि सांगितले की, लग्नात वधूवर हातभर अंतरावर उभे असतात, मंगलाष्टके होतात, अक्षता हाती असतात, तरी अंतरपाट खाली होईतो लग्न लागले ऐसे म्हणत नाहीत. तद्वत मध्ये अंतरपाट धरून कितीही बोलावे, पाट खाली होत नाही तोवर भेट जाहली नाही. दरबारी वाहवा जाहली. मग खराच अंतरपाट आणविला, पांढरा, मध्यभागी कुंकवाचा स्वस्तिक, आणि दोन भालदार तो धरावयास दिले. आणि आज्ञा ऐसी की पाट खाली करून बयाजीचे तोंड जो पाहील, त्याची गत सखोपंतांची. त्या दिवशी यादोपंतांस जेवण गेले नाही. निघते वेळी कोनेरपंतांचे कुटुंब उमाबाई दारी येऊन म्हणाली, "भावोजी, एवढे तरी पाहून या की ते आहेत." यादोपंत बरे म्हणाले आणि पागोटे नीट करण्याचे मिषाने तोंड फिरविले.

खिंड उतरून गेले तो गावोगाव लोक अळणी भाकर खात बसलेले, आणि कोणी मुजरा करीना आणि कोणी शिवीही देईना, नुसते पाहात राहात.  चावडीपुढे भालदारांनी अंतरपाट उलगडिला तेव्हा मात्र बाया तोंडास पदर लावून हसल्या आणि एक म्हातारी म्हणाली, "लगीन कुनाचं म्हनायचं?" मग भालदारांनी पाट धरिला, अलीकडे यादोपंत बसले, पलीकडे कोणी येऊन बसला, आणि बोलणे सुरू जाहले. यादोपंतांनी अटी सांगाव्या आणि पलीकडून कट्ट ऐसा आवाज यावा, पुन्हा अट सांगावी की पुन्हा कट्ट. यादोपंतांनी जाणिले की कुऱ्हाड परजतात, आणि अंगरखा पाठीस चिकटला. मग पलीकडून बयाजी म्हणाला की सुपारी कातरतो आहे, खांड धाडू काय. तेव्हा यादोपंतांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच विड्याची आठवण होऊन पुन्हा उडाला. ऐसे मागुती मागुती बसणे जाहले. भालदारांचे हात भरून येत आणि पाट मध्ये झुके, की यादोपंत घट्ट डोळे मिटून घेत आणि ओरडत की वर धरा, वर धरा. भालदारही मनुष्ये. त्यांसही हसू येई, परंतु धन्याचे भयाने हसत नसत.

बयाजी बोलण्यास सावकाश. त्याने कधी शिवी दिली नाही, कधी धमकी दिली नाही, जुने करार वाचून दाखवा म्हणाला, आणि वाचले ते ऐकून म्हणाला की यातले निम्मे मान्य आहेत, निम्म्यांस मुदत द्या. यादोपंतांस मनी कळो आले की हा बोलण्याजोगा मनुष्य आहे, आणि हे कळल्याचेच त्यांस अधिक भय वाटले. मग एके दिवशी बयाजी बसला तो सुपारी कातरीना. म्हणाला, "पंत, म्या आमच्या लोकांस्नी सांगितलंय, कौल मिळाला म्हंजी कुऱ्हाडीचं काम सरलं. खेलोजी मला हसतो. म्हनतो, कुऱ्हाड हुती तवा सरकार तुला वळखत हुतं, सुपाऱ्या मिळाल्या आन् तू दिसंनासा झालास. त्याला म्या काय उत्तर देऊ? ते फडकं खाली करा. येकदा माझं तोंड बगा. म्या भाईर जाऊन सांगतो, त्यांनी मला बगितलं. मंग कुऱ्हाडी गोळा करतो, आन् तुमचा मानूसबी घिऊन जावा." यादोपंतांनी विचारिले की आमचा मनुष्य जिवंत आहे, हे कशावरून. तेव्हा पलीकडे पाऊल वाजले आणि अंतरपाटाआडून, हात पुढे केला तर लागेल इतक्यावरून, ओळखीचा आवाज आला, "दादा, मी आहे. बरा आहे. दाढी वाढली आहे, इतकेच."

यादोपंतांचे डोळे भरून आले. त्यांनी हात पुढे केला, बोटे पाटास लागली, आणि भालदार तोंडाकडे पाहू लागले की आता काय आज्ञा होते. आणि त्या क्षणी यादोपंतांचे डोळ्यांपुढे सखोपंत उभे राहिले. देवळाचे पायरीवर बसले आहेत, पाऊल वाजले की मान वर करितात, आणि मान वर करून उपयोग काय. हात आपोआप मागे आला. बोलिले, "आज्ञा नाही."  कोनेरपंत हळूच म्हणाले, "दादा, राहू द्या." बयाजी म्हणाला, "भ्यालासा व्हय, पंत?" यादोपंतांनी जन्मात परदरबारी खरे उत्तर दिले नव्हते, ते त्या वेळी दिले आणि होय म्हणाले. बयाजी म्हणाला, "म्याबी भ्यालोय. पर म्या बसलोय न्हवं हितं." मग आणखी काही वेळाने म्हणाला की, बरे, तुम्ही नका पाहू. पौर्णिमेस तुमचे भावास मीच खिंडीशी आणून पोचवितो, मोबदला मागत नाही, फुकट सोडितो, एवढे तरी सरकारास सांगा. यादोपंतांनी अंतरपाटाकडे पाहून नमस्कार केला. तो पलीकडे दिसला नाही.

घाट चढून हुजूर आले आणि सर्व निवेदन केले. दिवाणजी संतोष पावले. म्हणाले, मागितल्याविना देतो म्हणजे मोडला, आता खिंड आणखी आवळावी, मिठाबरोबर धान्यही बंद करावे. यादोपंतांचे ओठी आले होते की, महाराज, तो मोडला नाही, तो आपल्याकडे पाहा म्हणतो, आज पाहिले नाही तर उद्या तो असणार नाही. परंतु दिवाणजींनी सहज विचारिले की पंत, आपण त्यास पाहिले तर नाही ना, आणि यादोपंत म्हणाले की आज्ञेप्रमाणे काहीही पाहिले नाही. ओठावरचे पोटात गेले ते गेले. त्यांस शेला मिळाला. पौष पौर्णिमेस ते सकाळपासून खिंडीशी जाऊन बसले, सोबत कोनेरपंतांसाठी धूतवस्त्र आणि एक हजाम, कारण दाढी वाढली होती. दुपार जाहली, कोणी आले नाही. उन्हे उतरली तेव्हा एक बैलवाला रिकामे बैल घेऊन वर आला, त्याने सांगितले की बयाजी एका बामणास घेऊन येत होता, वाटेत खेलोजीचे लोक आडवे आले. म्हणाले, आमची पोरे मिठाविना अळणी खातात आणि तू हाती आलेला मनुष्य फुकट देतोस, आणि तोही त्यांस जे तुझे तोंड पाहात नाहीत. आणि तेथेच बयाजीस तोडिला. यादोपंतांनी विचारिले, आणि बामण? बैलवाला म्हणाला की ठाऊक नाही, कोणी म्हणतात परत नेला. तेवढ्या शब्दास यादोपंतांनी धरून ठेविले, आणि घरी येऊन उमाबाईसही तेवढेच सांगितले.

मग खेलोजी उठला. खालच्या चौक्या जाळून वर आला, खिंड घेतली, आणि दिवसाढवळ्या आगी राजवाड्याचे सज्ज्यावरून दिसू लागल्या. राजधानीत ऐसे भय पसरले की लोक भांडीकुंडी परसात पुरू लागले, आया पोरांस कुऱ्हाडीचे नाव काढू देईनात, लाकूडतोड्यांस कोणी दारी उभे करीना, आणि पहारेकरीच एकमेकांस हटकू लागले. दिवाणजींस झोप येईनाशी जाहली. टोपीकरांस लिहिले, त्यांचे उत्तर आले की आम्ही पूर्वीच बोला म्हणालो होतो. तेव्हा शास्त्रीबोवांनी पुन्हा डोळे मिटले आणि उघडिले आणि आपद्धर्म काढिला, की प्राणसंकटी अंतरपाट खाली करण्यास दोष नाही. मग भरजरी वस्त्रे काढिली, सोन्याचे तबकी विडा ठेविला, आणि यादोपंतांस आज्ञा जाहली की जावे, पाट खाली करावा, भेट घ्यावी, रयतेने ज्यांस कौल दिला त्यांस सरकार मानिते ऐसे सांगावे. यादोपंतांनी विचारिले की डोळ्यांस अभय आहे ना. अभय मिळाले. मग ते अक्षरशः धावत घाट उतरले. भय होतेच, परंतु त्या भयात प्रथमच थोडी उमेद होती, आणि वाटेत भालदारांस म्हणाले की आज बंधूस पाहीन.

गावी या खेपेस कोणी हसले नाही. चावडीत बसले, भालदारांनी पाट धरिला, पलीकडे मनुष्ये येऊन बसल्याची चाहूल लागली, आणि यादोपंत म्हणाले, "खाली करा." ऐसी आज्ञा भालदारांनी कधी ऐकिली नव्हती. ते एकमेकांकडे पाहू लागले, मग हळूहळू अंतरपाट खाली केला. आणि पाहतात तो समोर आढ्यापासून जमिनीपर्यंत काळी घोंगडी टांगलेली. तिच्या आडून तरणा आवाज आला, "म्या खेलोजी. पंत, तुमचं फडकं खाली झालं म्हनं. आमचं वर हाय. बयाजीनं तुमचं तोंड बगायचा हट धरला हुता. तवापासनं आमच्यात कायदा झालाय, सरकारच्या मान्साचं तोंड जो बगंल त्याची गत बयाजीची." यादोपंतांस सरकारचा निरोप पाठ होता, वस्त्रे आणि विडा आणि मानिते आणि कौल, त्यातले एक अक्षर तोंडून निघेना. ते म्हणाले, "माझा भाऊ."  मग त्यांनी मोठ्याने हाक मारिली, कोनेर म्हणून, आणि थांबले, आणि पुन्हा मारिली. घोंगडीपलीकडे कोणी खाकरले, एवढेच. मग खेलोजी बोलला, आणि बोलला तो दरडावून नव्हे, "त्याच्याशी आमचं वाकडं नव्हतं, पंत. त्याला पळ म्हनलं. न्हाई पळाला. बयाजी पडला तर त्याचं डोस्कं मांडीवर घिऊन बसला, आन् पानी द्या, पानी द्या म्हनत ऱ्हायला. सरक म्हनलं, सरकला न्हाई. मंग पोरांनी दोगांस्नीबी तोडलं. वाटंवर येकाच खड्ड्यात हायती." यादोपंत बसले होते तैसेच बसून राहिले. हात उचलिला असता तर घोंगडी लागती. भालदारांनी वस्त्रांचे तबक पायरीवर ठेविले, त्यांस दोन बगलांस धरून उठविले, आणि घाटाकडे चालविले.

सारांश, कौल जाहला, बोलणी जाहली, मीठ अद्यापि बंद आहे, आणि खिंडीवर कधी यांची चौकी असते कधी त्यांची. सरकारचे म्हणणे ऐसे की या सर्व प्रकरणी भेट म्हणून कोणाची कोणाशी जाहली नाही, आणि ते खरे आहे. कोनेरपंतांनी मात्र बयाजीस पाहिले होते. यादोपंत अद्यापि सरकारचाकरीत आहेत, बोलणे फार राहिले नाही, परंतु दृष्टी उत्तम आहे.